वसमत ते वसमत, ओटीसकट

मागच्या वर्षी मी अकरा मिनिटांनी हुकले, आणि ती अकरा मिनिटं माझ्या पाहुण्यांनी चहात बुडवली.

दोनशे किलोमीटर सायकल चालवायची, साडेतेरा तासांत. सकाळी सहाला वसमतहून निघायचं, औंढा, हिंगोली, सेनगाव करत पुढच्या टेकड्यांत जायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत वसमतला यायचं. पहिला नंबर, दुसरा नंबर असली भानगड नाही. वेळेत आलात तर कार्डावर शेवटचा शिक्का आणि गळ्यात मेडल. साडेसात वाजून एक मिनिट झालं तर राम राम.

आणि एक नियम. वाटेत शिक्क्यांचे तीन चेक पॉइंट असतात. तिथं कोणीही तुम्हाला खाऊ घालो, पाणी पाजो, पंखा हालवो. पण दोन चेक पॉइंटच्या मध्ये घरच्यांची, ओळखीच्यांची कसलीही मदत घ्यायची नाही. पंक्चर झालं तर आपल्या हातानं काढायचं, भूक लागली तर हॉटेलात पैसे देऊन खायचं. हे सगळं चालवतात ते देविदास सर. कॉलेजात खेळ शिकवून निवृत्त झाले, पण शिट्टी अजून गळ्यातच आहे.

आता माझी अडचण बघा. मी हट्टा गावची सून, तिथल्याच शाळेत चौथीला शिकवते. माझं माहेर शिरड शहापूर, ते नेमकं रस्त्यावर. नणंद दिली औंढ्यात, तीही रस्त्यावर. किशनमामा हिंगोलीत, त्यांचं दुकान तर रस्त्याला चिकटून. मागच्या वर्षी आईनं साग्रसंगीत पाहुणचार केला, नणंदेनं उपमा होईपर्यंत सायकलची हवाच सोडून ठेवली, आणि मामा म्हणाले, "दारावरून चाललीस अन् चहा घेत न्हाईस, आमी काय मेलो का?" साडेसातला मी वसमतच्या अलीकडं होते. देविदास सर म्हणाले, "मॅडम, उशीर झाला म्हणून बाद, आणि घरचा चहा घेतला म्हणूनही बाद. दोनदा बाद झालेल्या तुम्ही पहिल्याच."

राग माझ्या नाकावर असतो असं माझा नवरा वैजनाथ म्हणतो. माझं नाक लहान आहे, राग मावत नाही, त्याला मी काय करू? त्या रात्रीच मी जाहीर केलं की पुढच्या वर्षी देव जरी चहा घेऊन आडवा आला तरी ब्रेक दाबणार नाही. मला ते मेडल पाहिजे होतं. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. त्यात माझं एकटीचं म्हणावं असं काही असेल तर ती सायकल आणि तो रस्ता.

या फेब्रुवारीत वैजनाथनं आमच्या पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस लावली. "समस्त पाहुणे मंडळींना कळविण्यात येते की, रविवारी सौ. पुनम सायकलवरून जाणार आहे. कोणीही तिला थांबवू नये, हाक मारू नये, चहाचं नाव काढू नये. थांबवल्यास माझ्याशी गाठ आहे." खाली सगळ्यांनी अंगठे दाखवले. आईला व्हॉट्सॲप येत नाही, म्हणून मी स्वतः फोन करून तिच्याकडून वचन घेतलं.

"बरं बाई," आई म्हणाली. "मी थांबवणार न्हाई. पण शिवेवरून मोकळ्या वटीनं जाशील?"

"जाईन."

"लेक हायेस तू. रस्त्यानं जाणारी येष्टी न्हाईस."

"त्या दिवशी मी येष्टीच समज आई. तीही विनाथांबा."

आमच्याकडं लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरल्याशिवाय आई तिला शीव ओलांडू देत नाही. नारळ, खण, ओंजळभर गहू, कपाळाला हळदकुंकू. माझ्या आईनं आयुष्यात कशाचा हट्ट धरला नाही, पण या एका गोष्टीत ती कलेक्टरचंही ऐकायची नाही. तिनं फोन ठेवला तेव्हा मला जरा टोचलं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

रविवारी सहाला आम्ही अठ्ठावीस जण निघालो. बाकीचे नांदेडचे, परभणीचे, बहुतेक बाप्ये. थंडी होती, आणि सगळ्या रस्त्याला शिजलेल्या हळदीचा वास. शेताशेतांतून वाफेचे ढग उठत होते. माझी बारीक टायरची सायकल अशी पळत होती की मला आपोआप गाणं सुचायला लागलं, आणि मी गाते म्हणजे काय ते माझ्या चौथीच्या वर्गाला विचारा. मागचा परभणीवाला चार हात लांब गेला.

सातला पाच कमी असताना शिरडचा फाटा आला. रस्त्याच्या कडेला माझी आई, नर्मदाबाई, डोक्यावरून पदर घेऊन, हातात ताट घेऊन उभी. शेजारी माझे वडील तातेराव, मोबाइल उलटा धरून शूटिंग करून राहिलेले. आईनं हाक मारली नाही. वचनाची पक्की. तिनं नुसतं ताट थोडं पुढं केलं.

"आई, टाइम न्हाई!" मी ओरडले आणि सुसाट निघाले.

शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळाल्यावर जसं होतं तसं मला झालं. पोटात गुदगुल्या. मी जिंकले होते! पुढं अर्ध्या किलोमीटरवर मात्र ते ताट डोळ्यांपुढं आलं. मी मान झटकली आणि गिअर बदलला.

औंढ्याला चेक पॉइंटवर शिक्का घेतला आणि गावाबाहेर पडताना नणंद दिसली. ती दाराशी उभी होती, पण रस्त्याकडं पाठ करून. मी जवळून जाताना ती भिंतीकडं बघतच ओरडली, "वहिनी, मी तुमाला बघितलं न्हाई हां! बघितलं की बोलवावं लागतं!" मला एवढं हसू आलं की सायकल डांबरावरून खाली उतरली. हिंगोलीत किशनमामांनी तर कमाल केली. दुकानापुढं पुठ्ठा टांगला होता, त्यावर खडूनं लिहिलेलं: "पुनम, चहा नाही. पुढे जा." खाली मामा हात बांधून उभे, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे. त्यांच्या तोंडावर इतकी तकलीफ दिसत होती की मला त्यांची दया आली.

सेनगावच्या पुढं रस्ता टेकड्यांवरून चढतो-उतरतो. चढताना जीभ बाहेर येते आणि माणूस सगळ्या देवांना नवस बोलतो. वर पोचल्यावर नवस विसरतो. उतारावर मी ब्रेक सोडून दिले. वारा कानात शिट्ट्या मारत होता, डोळ्यांतून पाणी, तोंडात एक चिलट, आणि मी एकटीच "हुर्रर्र" करत ओरडत होते. बांधावरची एक म्हैस उठून उभी राहिली. मी अडतीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई, हे त्या उतारावर मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

शंभराव्या किलोमीटरला हरिचंद राठोडांची द्राक्षबाग. तांड्याच्या वर मुरमाड टेकडी आहे, तिथं त्यांनी द्राक्षं लावली तेव्हा सगळा तालुका हसला होता. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात द्राक्षं! आता टेकडीच्या उतारावर ओळीनं मांडव उभे आहेत आणि खाली घड लोंबतात. हाच परतीचा चेक पॉइंट. सव्वाअकराला मी तिथं पोचले. हरिचंदभाऊंनी शिक्का मारला, पाण्याची बाटली भरून दिली, आणि त्यांच्या बायकोनं, बेबीबाईंनी, माझ्यापुढं द्राक्षांचं घमेलं ठेवलं.

"खा. हितं चालतंय. सरांनी सांगितलंय."

"एवढी?"

"तुमी काय मोजायला आलात का खायला?"

मी किलोभर तरी खाल्ली असतील. हात चिकट, तोंड चिकट, हनुवटीवरून रस. बेबीबाई मांडवाखाली बसून माझ्या खाण्याला हसत होत्या आणि मी त्यांच्या हसण्याला. निघताना त्यांनी एक घड जर्सीच्या मागच्या खिशात कोंबला, तो पहिल्या खड्ड्यातच फुटला आणि पाठीवरून गोड ओघळ खाली गेले. माझ्या हातात दोन तास जादा होते. मेडल गळ्यात पडल्यासारखंच होतं.

मग मी फिरले, वारा फिरला नाही.

जाताना जो पाठीवर हात ठेवून ढकलत होता, तोच आता छातीवर हात ठेवून मागं सारायला लागला. हिंगोलीच्या पुढं मागचं चाक बसलं. पंक्चर काढायला मला पाऊण तास लागला, कारण टायर निघेना आणि माझ्या तोंडून जे शब्द निघत होते ते ऐकून एक ट्रॅक्टरवाला न थांबताच पुढं गेला. औंढ्याचा शिक्का सव्वाचारला. तिथून पुढं माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, मग दोन्हीकडं एकदम.

शिरडच्या फाट्यावर आले तेव्हा सहाला पाच कमी होते. वसमत वीस किलोमीटर, वेळ दीड तास. चांगल्या पायांना सहज जमलं असतं. मी आधीच घसा तयार ठेवला होता: "आई, टाइम न्हाई!"

पण फाट्यावर कोणीच नव्हतं.

ताडपत्रीवर हळद वाळत घातलेली, बाजूला एक ट्रॉली उभी, बाकी रस्ता रिकामा. मला राग आला. काहून नाही आली? सकाळी सोडून गेले म्हणून रुसली काय? मी नको म्हटलं होतं हे खरं, पण नको म्हटल्यावर खरंच न येणारी ही माझी आई कुठली? आणि त्या रागात मी पाय टेकवला, तेवढ्यात दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की सायकल एकीकडं आणि मी हळदीच्या कडेला. उठता येईना. डोळ्यांत पाणी आलं. मी मोबाइल काढला. वैजनाथला सांगावं, टेम्पो घेऊन ये. संपलं.

तेवढ्यात ट्रॉलीच्या मागून आई बाहेर आली.

"तू इथं?"

"चार वाजल्यापून बसून राहिले," आई म्हणाली. "तू जाताना नुसतं बघणार होते. आडवी आले न्हाई मी. आता तूच थांबलीस, मी थांबवली न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

वकिलानं मांडावा तसा मुद्दा मांडून तिनं माझ्याकडं बघितलं. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"बराबर हाय," मी म्हटलं.

"मग वटी भरू? ती मदतीत येती का?"

मी विचार केला. नारळ घेऊन सायकल चालवणं ही मदत कशी असेल? "न्हाई येत."

"चहा न्हाई देत मी. तो मदतीत येतो. तुझ्या बापानं मला समदा नियम वाचून दाखवलाय."

तिनं मला हेल्मेट काढायला लावलं, कपाळभर हळदकुंकू लावलं. पदर नव्हताच, म्हणून मी बसल्या बसल्या जर्सीचा पुढचा काठ दोन्ही हातांनी धरला, आणि आईनं त्यात गहू टाकले, खण ठेवला, नारळ ठेवला. मग सगळं मागच्या तीन खिशांत भरलं. द्राक्षाच्या रसानं गहू खिशाला चिकटले. मी उठायला गेले आणि कळवळून खाली बसले.

आई खाली मांडी घालून बसली, माझा पाय तिच्या मांडीवर घेतला आणि पोटरी चोळायला लागली. आधी अंगठ्यानं, मग तळहातानं, वरून खाली. हळद काढून काढून तिचे हात खरबरीत झालेत. मी लहानपणी खेळून आले की ती अशीच पाय चोळायची, आणि मी तेव्हाही ओरडायची. एका पायाचा गोळा सुटला. मग दुसरा पाय. पंधरा मिनिटं गेली असतील, वीस गेली असतील. नियम मला आठवत नव्हता असं नाही, पण तिचे हात थांबवायची मला इच्छा झाली नाही.

"ऊठ आता," ती म्हणाली. "टाइम न्हाई तुला."

सहा वीस. मी लाइट लावला आणि निघाले. पुढची वीस किलोमीटर मी कशी आले ते मला सांगता येणार नाही. नारळ पाठीत प्रत्येक खड्ड्याला गुद्दा मारत होता, खिशातून गहू सांडत होते, आणि माझे पाय नवे कोरे असल्यासारखे फिरत होते. चढावर मी दोन नांदेडवाल्यांना मागं टाकलं. एक म्हणाला, "मॅडम, आपके पीछे से कुछ गिर रहा है." मी म्हटलं, "गेहूँ है, गिरने दो!"

सात चोवीसला मी वसमतला पोचले. वैजनाथ नाचत होता, अक्षरशः, एका पायावर. देविदास सरांनी कार्ड हातात घेतलं, शिक्का उचलला, आणि माझ्या कपाळाकडं, मग पाठीकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"नारळ, सर."

"कुठून आला?"

"आईनं ओटी भरली. शिरडला."

सरांनी शिक्का खाली ठेवला आणि नियमांची फाइल काढली. सगळे भोवती गोळा झाले. परभणीवाला म्हणाला, "सर, दीड किलो वजन घेऊन आल्यात त्या. ही मदत म्हणायची का शिक्षा?" नांदेडवाला म्हणाला, असा नियम असेल तर सगळ्यांनाच नारळ द्या, बघू कोण वेळेत येतं. सरांनी सगळी फाइल चाळली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "फाइलीत ओटी नाही. आणि ओटीला मदत म्हटलं तर माझी बायको मला आज घरात घेणार नाही. ओटी मंजूर."

असा आरडाओरडा झाला की विचारू नका. वैजनाथनं मेडल घेतलंसुद्धा, माझ्या गळ्यात घालायला. सरांनी शिक्का पुन्हा उचलला. "एकच विचारायचं राहिलं, सगळ्यांनाच विचारतो. याशिवाय वाटेत कोणाची काही मदत घेतली?"

"काहीच न्हाई सर!" वैजनाथ म्हणाला.

मीही तेच म्हणणार होते. जीभ टाळ्याला लागली होती. फाट्यावर कोणी बघितलं नव्हतं. आई सांगायला येणार नव्हती. मेडल माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, त्याची फीत निळी होती. पण 'काही नाही' म्हणायचं म्हणजे कशाला काही नाही म्हणायचं? चार वाजल्यापासून ट्रॉलीमागं बसलेल्या बाईला? त्या दोन हातांना? सकाळी मी तिच्या ताटासमोरून पळाले होते. एका दिवसात दोनदा तिला ओलांडून जायला मला जमेना.

"घेतली, सर," मी म्हटलं. "माझ्या पायांत गोळे आले होते, मी सोडूनच देणार होते. आईनं पोटऱ्या चोळून दिल्या. म्हणून आले."

वैजनाथ कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं बाई, खोटं बोलायचं न्हाई तर न्हाई, गप तरी बसायचं!"

देविदास सरांनी पेन काढलं आणि 'बाद' असं लिहिलं, बारीक अक्षरात, लिहायला लाज वाटत असल्यासारखं. "मॅडम, मी हे विचारायलाच नको होतं," ते म्हणाले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हसायला लागले. हसता हसता खाली बसले. माझं बघून परभणीवाला हसायला लागला, मग सगळेच. वैजनाथ मेडल हातात घेऊन तसाच उभा होता, परत कोणाला द्यावं ते त्याला कळेना.

मी वडिलांच्या मोबाइलवर फोन लावला. आईनंच उचलला.

"पोचलीस का टायमात?"

"सात चोवीसला पोचले."

"मग? मेडल?"

"दिलं न्हाई. तू पिंढऱ्या चोळल्यास ती मदत झाली. मी सांगून टाकलं."

"सांगितलंस काहून? कोण बघून राहिलं होतं?"

"कोणीच न्हाई. पण आई, मला न्हाई म्हणता आलं न्हाई. तुझ्यामुळंच तर आले मी."

तिकडून नुसता तिच्या चपलांचा आवाज आला. मला वाटलं, रडते की काय. मी "आई, आई" करत राहिले. मग तिकडून तिचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हे. ती अंगणात जाऊन, वडिलांना, शेजारच्यांना, हळद शिजवणाऱ्या गड्यांना, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होती, "ऐकलं का वो? आमच्या पुनमनं माझ्यापायी मेडल सोडलं! सांगितलं सरांना तोंडावर, मायनं आणलं म्हणून!"

एवढ्या तोऱ्यात तिला बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. फोन बंद करायचं ती विसरली होती. मी तिथंच फुटपाथवर, मांडीवर सायकलचं पुढचं चाक घेऊन, ती कोणाकोणाला सांगते ते पंधरा मिनिटं ऐकत बसले.